परत गेलेलं पोतं

वेस्ट मांबलम, चेन्नई
१८ जानेवारी

चिरंजीव एकोजीस अक्काचे आशीर्वाद. घ्यायचे असतील तर घे, नसतील तर विद्यालक्ष्मीला दे. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती वाया घालवणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतो, पण वाचल्याची खूण उमटत नाही. म्हणून पत्र. अप्पांनी आपल्या दोघांना ओट्यावर बसवून देवनागरी गिरवायला लावली ती याचसाठी असेल. एक दिवस हा पोरगा अक्काशी बोलायचं सोडणार, तेव्हा उपयोगी पडावी म्हणून. तुझ्या भावोजींच्या संगतीने आपली तमिळ मुलखातली मराठी जाऊन माझी मराठी साताऱ्याची झाली असं तू हिणवतोस. हिणवायला का होईना, पण वाच.

पोंगल झाला, दुसऱ्या दिवशी भावासाठी कावळ्यांना घास ठेवायची कणूही झाली. तुझ्याकडून सणाचं माहेरचं देणं, सीर, आलं नाही.

मी काही त्यासाठी लिहीत नाहीये. तांदूळ काय, कोपऱ्यावरच्या दुकानात हवा तो मिळतो, आयता निवडलेला. पण लग्न होऊन या शहरात आले त्या वर्षापासून प्रत्येक पोंगलला माहेरचा नवा तांदूळ, गूळ आणि पानांसकट हळदीचं रोप आलं. आधी अप्पा पाठवायचे, मग तू. करोनात मी नको नको म्हणत होते तरी आलं. यंदा भावोजींनी विचारलं, "एकोजीचं पोतं कसं नाही आलं अजून?" मी म्हटलं, लॉरीवाल्यांचा संप असेल. त्यांनी पेपर उघडला आणि संपाची बातमी शोधत बसले. शेवटी मीच पेपर काढून घेतला.

गेल्या वर्षीचं पुन्हा एकदा सांगते, कारण तू ऐकूनच घेतलं नाहीस. तुझा तांदूळ मी डब्यात ओतला आणि पोतं रिकामं झालं. गच्चीवर माझं पिंप आहे, त्यात भाज्यांच्या साली, चहाचा चोथा, केळीची पानं, देवाची फुलं असं वर्षभराचं सगळं कुजून काळंभोर खत तयार होतं. समोर मजबूत पोतं, समोर खत. भरलं, सुतळीने तोंड शिवलं आणि सीर आणलेल्या लॉरीवाल्याकडेच परत दिलं. मला त्या क्षणी पोतं म्हणजे फक्त पोतं दिसलं.

ते तुझ्या दारात उतरलं तेव्हा ओट्यावर चार माणसं बसली होती. पोत्यावर तुझ्याच अक्षरात माझं नाव. बघणाऱ्यांना वाटलं, बहिणीने सीर परत पाठवलं, माहेर तोडलं. तुलाही तेच वाटलं. मग तू सुतळी कापलीस, आणि आत तांदूळसुद्धा नाही, कचरा. तू फोन करून म्हणालास, "अक्का, माझा तांदूळ नको होता तर तोंडाने सांगायचं होतंस."

आणि मी हसले. एकोजी, मला खरंच वाटलं तू चेष्टा करतोयस. मी हसल्यावर तू फोन ठेवलास तो आजतागायत.

माफी मी मागणार नाही. खत पाठवलं, विष नाही. कणू ठेवली, कावळे येऊन गेले, तू सुखात राहा म्हणून मागितलंय. एवढंच कळवायचं होतं.

तुझी अक्का
महालक्ष्मी


२ मार्च

एकोजी,

पत्र मिळालं एवढं नक्की, कारण परत आलं नाही. निदान तू तरी आलेली वस्तू परत पाठवत नाहीस.

आज तुला शिकवणार आहे. पळू नकोस.

मला नोकरी लागली तेव्हा तू सगळ्यांना सांगत फिरलास, अक्का पाण्याच्या खात्यात मोठी साहेब आहे. कुठलं पाणी ते सांगितलं नाहीस. निवृत्त होईपर्यंत मी या शहराचं सांडपाणी बाटलीत भरून तपासलं. साड्यांना वास येतो म्हणून भावोजी सुरुवातीला लांब बसायचे, मग सवय झाली. त्या बाटल्यांत मी काय मोजायचे? नत्र आणि स्फुरद. म्हणजे तू युरियाच्या आणि डीएपीच्या पोत्यांतून आणून शेतात टाकतोस तेच. तू शेतात टाकतोस आणि मला ते गटारात सापडतं. मधे काय घडतं ते बघ.

तुझं भात तयार होतं तेव्हा जमिनीतलं सत्त्व दाण्यात येतं. दाणा पोत्यात, पोतं माझ्या घरी, घरून आमच्या पोटात. पोटातून पुढे कुठे, ते काही काव्यात सांगायची गोष्ट नाही. अप्पांच्या वेळी गावचा बराचसा तांदूळ गावातच खाल्ला जायचा, आणि जे काय व्हायचं ते गावच्याच मातीत मुरायचं. कापणी झाली की बदकवाले यायचे, आठवतं? सगळं शेत बदकांनी भरून जायचं, सांडलेला दाणा टिपायची आणि बदल्यात शीट टाकून जायची. मग मेंढरं बसवायची. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ गाडीत भरून शेतात आणायचा, आणि आपण दोघं त्या गाळाने माखून घरी गेल्यावर मार खायचा. मातीतून घेतलेलं मातीत परत जायचं. कोणी त्याला शास्त्र म्हणत नव्हतं.

आता तुझा दाणा इथे येतो आणि इथेच राहतो. आमच्या गटाराचं काही पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत जातं. तिथे घाण बरीचशी निघते, पण नत्र-स्फुरद पुष्कळसं सुटतंच. जे टाक्यांपर्यंत पोचत नाही ते सरळ शहरातल्या कूवम नदीत. तिथे ते खाऊन जलपर्णी अशी माजते की नदीवर चालत जावंसं वाटेल, आणि खालच्या माशांना श्वास मिळत नाही. उरलेलं समुद्रात. समुद्राच्या तळाशी बसलेलं स्फुरद जमिनीवर यायला तो तळच उचलून त्याचा डोंगर व्हावा लागतो. आपल्या हयातीत ते जमणार नाही.

म्हणून तू ते विकत आणतोस. कुठल्या तरी वाळवंटातला दगड फोडून, जहाजात घालून स्फुरद येतं. नत्र हवेतून ओढून भट्टीत बनतं. तू हात सैल सोडून टाकतोस, पीक घेईल तेवढं घेतं, बाकीचं कालव्यात. मग तूच म्हणतोस, कालवा हिरवा झाला, पूर्वी भातात बोटाएवढे मासे असायचे ते कुठे गेले. तुझ्या कालव्याचं आणि माझ्या कूवमचं दुखणं एकच आहे, एकोजी. आपण दोघं भाऊबहीण मिळून दोन टोकांना एकच उद्योग करतो आहोत.

हे सगळं मी भावोजींना वाचून दाखवलं. बँकेतला माणूस, आधी आकडा विचारणार. म्हणाले, "एका पोत्याने त्याच्या शेताचं काय होणार?"

मी म्हटलं, "काही नाही होणार."

"मग पाठवलंस कशाला?"

मी भाजीला फोडणी द्यायला उठले. त्यांनी मागून आणखी एक वाक्य टाकलं, "तू त्याला शास्त्र पाठवतेस. तो बहिणीची वाट बघत असेल." आयुष्यभर लोकांच्या पासबुकात डोकावलेला माणूस मला नात्याचं सांगतो, म्हणून मला राग आला. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. आपल्या घराण्याचा हा गुण एकट्या तुझ्यातच आलेला नाही.

जाता जाता. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी चंद्रमौळी यांनी पिंपाबद्दल तक्रार केली आहे. म्हणे गच्चीवर वास येतो. मी त्यांना वर नेलं, मूठभर खत त्यांच्या नाकाशी धरलं. ते दोन पावलं मागे सरकले, मग म्हणाले, वास नाही, पण येईल. तुझं आणि त्यांचं छान जमेल.

अक्का


४ ऑगस्ट

एकोजी,

काल आडी पेरुक्कू, नदीच्या नव्या पाण्याची पूजा. गावी नदीला पाणी आलं असेल, विद्यालक्ष्मीने चित्रान्न करून घाटावर नेलं असेल. इथे मी नळाखाली तांब्या धरला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि मनाने कुडमुरुट्टीच्या घाटावर जाऊन आले.

एक खुलासा करायचा आहे. तुझ्या परसाबद्दल मला काहीही माहीत नाही.

कोणी रागाच्या भरात एक पोतं गोठ्यामागे नेऊन उपडं केलं असेल, तर ते मला कोणी सांगितलेलं नाही. त्या जागी यंदा भोपळ्याचे वेल फुटून गोठ्याच्या पत्र्यावर चढले असतील, आणि घरधनी रोज सकाळी दात घासत तिथे जाऊन उभे राहत असतील, तर त्याचाही मला पत्ता नाही. आपल्या बायकोला ते म्हणतात, "हे आपोआप आलंय." विद्यालक्ष्मीने तर मला मुळीच सांगितलेलं नाही. ती बिचारी मला फोनच करत नाही, आणि करते तेव्हा तू शेतात गेलेला असतोस असंही काही नाही. तिला ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

पण समजा असे वेल असलेच, तर त्यांना युरिया घालू नकोस. नुसती पानं माजतील, भोपळा धरणार नाही. पाणी सकाळी घाल आणि बुंध्यापासून जरा लांब. भोपळा बसला की खाली पेंढा टाक, नाहीतर एका बाजूने कुजेल.

आणि समजा तो भोपळा असलाच, तर तो आमच्या घरचा आहे. मांबलम स्टेशनाबाहेरच्या बाईकडून घेतला होता. इतका गोड निघाला की भावोजींनी दोनदा वाढून घेतला. बिया मी पिंपात टाकल्या. आता खरं सांगायचं तर खत नीट तापलं असतं तर बिया आत मेल्या असत्या. जगल्या म्हणजे माझं पिंप कच्चं राहिलं होतं. प्रयोगशाळेत कोणी असं काम करून आणलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. पण या एका चुकीबद्दल मला इतका आनंद झालाय की सांगता सोय नाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, आणि मग जरा रडले. फोन कोणाचा ते विचारू नकोस.

गुडघा बरा आहे. गच्चीचे जिने चढता येतात. भावोजी म्हणतात पिंप खाली आण, चंद्रमौळी म्हणतात खाली नको. त्यामुळे ते वरच आहे आणि मीही चढते आहे.

अक्का


११ डिसेंबर

एकोजी,

गेल्या आठवड्यात पावसाने झोडपलं. रस्ते भरले, दूध आलं नाही, पण आमच्या घरात पाणी शिरलं नाही, काळजी करू नकोस. करत असशील तर.

पाऊस उघडल्यावर भावोजींनी मला मरीनावर नेलं, फार दिवस घरात बसलीस म्हणून. समुद्राला फेस आला होता, गुडघ्याएवढा पांढरा. वाऱ्याने त्याचे गोळे वाळूवरून पळत होते, लोक पोरांना त्यात उभं करून फोटो काढत होते. भावोजी म्हणाले, "बघ तरी, काय सुंदर दिसतंय." मला त्यात साबण दिसला, सगळ्या शहराचं गटार दिसलं, आणि मग एकदम तुझं शेत दिसलं. तुझ्या चिखलातलं, अप्पांच्या चिखलातलं काहीतरी त्या फेसात होतंच. तू ते पोत्यात बांधून माझ्यासाठी पाठवलं होतंस आणि मी ते समुद्राला देऊन बसले होते. मला तिथे उभं राहवेना. घरी चला म्हटलं.

जानेवारीत तुला लिहिलं की कणू ठेवली. कशी ठेवली ते लिहिलं नव्हतं. तांदूळ दुकानातला नव्हता. तुझ्या पोत्यातला वाटीभर मी डब्याच्या तळाशी राखून ठेवला होता. किडे झाले होते त्यात. पाखडला, निवडला, आणि त्याचाच पिवळा भात, लाल भात, दहीभात केला. हळदीचं पान तू पाठवलं नव्हतंस, म्हणून गच्चीवर केळीच्या पानावर घास मांडले. भावाला सुखी ठेव असं म्हणायचं असतं. पण तुझा इतका राग आला होता की अर्धवट पुटपुटले आणि खाली आले. जिन्यात भीती वाटली, अर्धवट मागितल्याने तुला काही झालं तर. पुन्हा वर जाऊन नीट म्हटलं. तोवर कावळे अर्धं संपवून गेले होते.

तो डबा आता रिकामा आहे. येत्या कणूला तुझ्यासाठी मांडायला माझ्याकडे तुझा दाणा नाही.

भावोजींनी विचारलं होतं ना, एका पोत्याने काही होणार नव्हतं तर पाठवलंस कशाला. त्यांना नाही सांगितलं, तुला सांगते. अप्पांची आणि आईची राख कुडमुरुट्टीत गेली. तेच पाणी आपल्या शेतात येतं. तू तिथे रोज राबतोस, तुझा घाम तिथे पडतो. आजीचा आंबा, आजोबांची विहीर, सगळ्यांचं काही ना काही त्या मातीत आहे. माझं एकटीचंच नाही. मी तिथलं खाल्लं आणि इथे येऊन सांडलं. वाटणी मागत नाहीये, दचकू नकोस. माझ्या चुलीजवळचं, माझ्या हातचं काहीतरी त्या चिखलात मिसळावं एवढंच मनात होतं. हे तुला आधी फोन करून सांगायला हवं होतं. नुसतं पोतं पाठवलं, आणि तू दुखावलास तेव्हा हसले.

सीर परत करत नाहीत, हे कळतं रे मला. मी परत केलं नव्हतं. मी माझ्याकडून पाठवलं होतं. बहिणीने भावाला पाठवायची आपल्याकडे रीतच नाही, त्यामुळे तुला ते कळलं नाही. चार माणसांत तुझी मान खाली गेली, त्याचं मला वाईट वाटतं. माफी मागणार नाही असं लिहिलं होतं ना, ते खोडून टाक.

तांदूळ पाठव, एकोजी. नत्र, स्फुरद, कूवम सगळं बाजूला ठेव, पुन्हा एक शब्द काढणार नाही. दुकानातला भात रोज शिजवते, तो चांगला असतो, पण ताटात बसल्यावर मला कुठल्याच गावचं असल्यासारखं वाटत नाही. जास्त नको. कणूपुरता, ओंजळभर पाठव.

अक्का


१७ जानेवारी

एकोजी,

भोगीच्या दिवशी सकाळी लॉरीवाल्याने खालून हाक मारली. भावोजी चप्पल न घालताच जिना उतरले. मी वरून बघत होते. आधी पोतं आलं, मग गुळाची ढेप, मग पानांसकट हळदीचं रोप, आणि सगळ्यात शेवटी लॉरीवाल्याने दोन्ही हातांनी, पोटाशी धरून एक भोपळा उतरवला. तुझ्या नेसायच्या जुन्या वेष्टीत गुंडाळलेला. मी कोणालाही काही विचारलं नाही. मला भोपळ्याबद्दल काही माहीतच नाही.

पत्र असेल म्हणून सगळं उलटंपालटं केलं. नव्हतं. तू कसला लिहितोस. तांदळाच्या पोत्याचं तोंड उघडलं तर तांदळावर आणखी एक पोतं, घडी घालून ठेवलेलं. भावोजी म्हणाले, तांदूळ सांडू नये म्हणून वर घातलं असेल, आणि ते बाजूला ठेवायला लागले. मी ओढून घेतलं. धुतलेलं होतं, उन्हात वाळवलेलं. कोपऱ्यात माझ्या सुतळीच्या टाक्यांची जागा दिसली, तेव्हा ओळखलं की तेच ते. एका बाजूला तुझ्या अक्षरात माझं जुनं नाव-पत्ता, पुसट झालेला. दुसरी बाजू उलटली. तिथे काळ्या रंगाने, ब्रशने, ठसठशीत लिहिलेलं होतं: एकोजी, आणि खाली आपल्या गावाचं नाव.

मी तिथेच, तांदळाच्या पोत्याला टेकून खाली बसले. भावोजी घाबरले, गुडघा का, म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, गुडघा नाही, भाऊ. मग ते पण शेजारी बसले.

काल कणू झाली. हळदीच्या पानावर घास मांडले, पिवळा, लाल, पांढरा. तुझ्यासाठी मागितलं ते एकदाच आणि नीट मागितलं. कावळे आले, मागून दोन मैना, आणि चंद्रमौळीही येऊन गेले. ते हल्ली कुंड्यांसाठी माझ्याकडून खत नेतात आणि कोणाला सांगू नका म्हणतात. त्यामुळे सध्या पिंपात फार नाही, तुझं पोतं भरायला चित्तिरै महिना, म्हणजे एप्रिल, लागेपर्यंत थांबावं लागेल.

भोपळा कापला. आतून केशरी, गेल्या वेळेपेक्षा गोड. साली आजच पिंपात गेल्या. ह्या वेळी खत मी नीट तापवणार आहे, शिस्तीत, वरचेवर ढवळून. बिया मात्र धुऊन, वाळवून वेगळ्या ठेवल्या आहेत. खत तयार झालं, थंड झालं की पोत्यात भरताना त्या वरून टाकीन.

पोतं पोचलं की लगेच सुतळी कापू नकोस. ओट्यावर चार माणसं येऊन बसू देत, मग त्यांच्यासमोर उघड.

तुझी अक्का